डिकीतली हवा

त्याला सगळे हवेशीर म्हणतात. हे नाव कुणी ठेवलं यावरून रस्त्यावर दोन पक्ष आहेत. शेजारचा सीटकव्हरवाला म्हणतो मी ठेवलं, आणि बाकीचे म्हणतात की याच्या हातून एवढं चांगलं काही होणं शक्य नाही. ठेवलं कुणीही असो, बसलं मात्र चपखल. टायरचं दुकान, त्यामुळे दिवसभर हवेशीच गाठ; आणि माणूसही असा, की गिऱ्हाईक समोर उभं राहून बोलतंय आणि याची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी लागलेली. बायको म्हणायची, "लोकांच्या चाकांत भरून जी उरते, ती सगळी यांच्या डोक्यात जाते." तो यावर हसायचा. बायकोच्या बोलण्यात तथ्य असलं की तो हसायचा, हे तिलाही पाठ झालं होतं.

गावातला रस्ता संपून चढाचा रस्ता सुरू होतो, तिथे त्याचं दुकान. आत टायर काढायचं मशीन, चाक तोलायचं मशीन, भिंतीला टेकवलेले जॅक, आणि छतापर्यंत टायरांच्या चळती. कोपऱ्यात कॉम्प्रेसर. टाकी भरेपर्यंत तो घरघरत राहायचा आणि भरली की एक लांब सुस्कारा टाकून गप्प व्हायचा. दुपारच्या वेळी हवेशीर एका बुटक्या चळतीत अंग मुडपून बसायचा, आणि कॉम्प्रेसर गप्प झाला की त्या शांततेत त्याचा डोळा लागायचा. स्वप्नंही धंद्याचीच पडायची. एकदा त्याने पाहिलं की रस्त्यावरच्या सगळ्या गाड्यांची चाकं हळूहळू फुगत गेली आणि गाड्या जमिनीपासून हातभर वर उठल्या. कुणाला त्याचं काहीच वाटलं नाही. लोक तसेच तरंगत, एकमेकांना हॉर्न मारत निघून गेले.

त्याने हे सीटकव्हरवाल्याला सांगितलं.

"माझी स्कूटर उठली का?" सीटकव्हरवाल्याने विचारलं.

"उठली."

"मग बरं झालं. तिचं मागचं टायर गुळगुळीत झालंय."

हवेशीराला एकच मुलगी. एकुलती एक, तरी घरात तिला धाकटी म्हणत. नव्या माणसाला हे कोडं वाटायचं. मग बायको खुलासा करायची, की थोरलं म्हणजे दुकान; ते आधी जन्माला आलं, आणि लाडही त्याचेच जास्त झाले. यातला पहिला भाग खरा होता. दुसरा साफ खोटा, कारण हवेशीर जगात कुणावर जीव टाकत असेल तर तो धाकटीवर. लहानपणी ती दुकानातच वाढली. टायरच्या पोकळीत बसून अभ्यास करायची आणि बोटाच्या पेराने टायर वाजवून हवा सांगायची. बरोबर यायची असं नाही, पण सांगायची मोठ्या ऐटीत.

मोठी होऊन ती नर्स झाली. डोंगरापलीकडच्या वस्त्यांवर जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं करायचं, हे तिचं काम. जखमा धुवायच्या, कुशी बदलायच्या, औषधं नीट घेतली की नाही ते पाहायचं, आणि ज्यांना बोलायला कुणी नाही त्यांचं ऐकून घ्यायचं. त्यासाठी रोज खिंड ओलांडून जायचं. एक जुनी, ठेंगणी, राखाडी गाडी तिने त्याच कामासाठी घेतली होती.

मागच्या हिवाळ्यात खिंडीत धुकं दाटलेलं असताना त्या गाडीच्या डॅशबोर्डवर एक लाल दिवा पेटला, बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी चढावर बंद पडली. पुढचं मागचं काही दिसत नव्हतं. फोनला रेंज नव्हती. एक दुधाची लॉरी येईपर्यंत ती पांढऱ्या धुक्यात एकटी बसून राहिली. इंजिन पुढे नीट झालं, पण धाकटीने हाय खाल्ली. डॅशबोर्डवर काहीही पेटलं की तिच्या तळहातांना घाम फुटायचा. पट्टा लावला नाही म्हणून जो दिवा लागतो, त्याच्यानेसुद्धा.

तशात मोठ्या शहरातल्या एका इस्पितळातून तिला विचारणा झाली. वॉर्डातली नोकरी, जागा इस्पितळाचीच, गाडी चालवायची गरज नाही. तिने जेवताना ही गोष्ट काढली आणि बापाकडे पाहिलं.

हवेशीराच्या ओठावर 'राहा' आलं होतं. पण तो म्हणाला, "तुझं भलं होत असेल तर जा. आमचं काय."

हे त्याने इतक्या सरळ चेहऱ्याने म्हटलं की बायकोने पानातून मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. "बघते," एवढंच धाकटी म्हणाली आणि ताट उचलून गेली.

त्यानंतर हवेशीराच्या डोक्यात एकच गोष्ट घर करून बसली. हिला गाडी आवडली पाहिजे. गाडी आवडली तर भीती जाईल, भीती गेली तर ही खिंड ओलांडत राहील, आणि संध्याकाळी फाटकाशी दोन दिवे वळताना दिसत राहतील. "राहा" असं सरळ म्हणायचं सोडून हा माणूस गाडीच्या मागे लागला. कुणी म्हणेल हा काय शहाणपणा. पण ज्याला जे येतं, त्यातूनच तो बोलतो. हवेशीराला चाकं येत होती.

मोडीत निघालेल्या एका गाडीची चार अलॉय चाकं त्याला मिळाली. पाच पाकळ्यांची, खोल, देखणी. काळवंडलेली होती. त्याने ती दुकानात मागच्या बाजूला ठेवून, गिऱ्हाईक नसेल तेव्हा घासली, ओरखडे भरून काढले, पुन्हा घासली. चेहरा दिसेपर्यंत घासली. एका चाकाच्या आतल्या अंगाला केसासारखी बारीक रेघ होती. त्याने त्यावरून नख फिरवलं. नख अडलं नाही असं त्याला वाटलं. दुसऱ्या कुणाचं चाक असतं तर त्याने भिंग आणलं असतं, साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहिले असते. इथे त्याने त्या रेघेवर मेण चोळलं आणि चाक उजेडात धरलं. फार सुंदर दिसत होतं.

एका सुट्टीच्या दिवशी त्याने ती बसवली. धाकटी अंगणात आली आणि थबकली. गाडी तीच, ठेंगणी राखाडी, पण पायात चांदीचे पैंजण घालून उभी असल्यासारखी. ती खळखळून हसली. कितीतरी दिवसांनी.

"बाबा, आता हिला घेऊन वस्तीवर गेले तर पेशंट अंथरुणातून उठून बसतील."

"बसू देत. तुझंच काम हलकं होईल," हवेशीर म्हणाला. त्या क्षणी त्याला आपण जिंकलो असं वाटलं.

ती चक्कर मारायला गेली आणि लगेच परत आली. हसू मावळलेलं. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला होता: घोड्याच्या नालासारखी कमान आणि मधे उद्गारचिन्ह.

हा दिवा टायरमधल्या हवेचा. जुन्या चाकांत, वॉल्व्हच्या मुळाशी, बोटाच्या पेराएवढी एक डबी असते. तो सेन्सर. हवा किती आहे ते तो गाडीला कळवतो. नव्या चाकांत ते नव्हते, म्हणून गाडी विचारत होती की माझी चाकं कुठे गेली. हवेशीराला हे आधीच सुचायला हवं होतं, पण त्याचं सगळं ध्यान चकाकीत. त्याने जुने सेन्सर काढून नव्या रिममध्ये बसवून पाहिले. वॉल्व्हच्या भोकाचा कोन निराळा. डबी रिमला घासायची. त्या रिमला चालतील असे सेन्सर पार्टवाल्याला विचारले. तो म्हणाला, मागवावे लागतील, बोटीने येतील, आणि आले तरी गाडीला शिकवावे लागतील.

"दिव्यात काही नाही," हवेशीराने धाकटीला समजावलं. "हवा बरोबर आहे. मी स्वतः भरलीय. दिव्याकडे कानाडोळा कर."

"करते," ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी ती परत आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. खिंडीत पूर्ण वेळ तिला तो दिवाच दिसत होता. रात्रीच्या जेवणात शहरातल्या नोकरीचा विषय पुन्हा निघाला, आणि या वेळी तिने तो बापाकडे न पाहता काढला.

त्यावरचा तोडगा हवेशीराला डुलकीत सुचला. डुलकीत सुचलेल्या गोष्टी डुलकीतच ठेवाव्यात, हे त्याला अजून कळायचं होतं. दुपारी टायरांत बसल्या बसल्या त्याने पाहिलं, की चार सेन्सर एका पांघरुणाखाली शेजारी शेजारी झोपले आहेत, उबदार, आणि झोपेतच म्हणताहेत, ठीक आहे, ठीक आहे, ठीक आहे. तो उठला तो तडक प्लंबरकडे गेला. जाड पीव्हीसी पाइपाचा हातभर तुकडा आणला. चारही सेन्सर आत टाकले, दोन्ही टोकांना टोपणं घट्ट चिकटवली, एका टोपणाला वॉल्व्ह बसवला आणि पाइपात टायरइतकीच हवा भरली. पाईप डिकीत, स्टेपनीच्या मागे ठेवला. स्टेपनी म्हणजे जुन्या चार चाकांतलंच एक काळं लोखंडी चाक.

गाडी थोडी फिरवून आणली आणि दिवा विझला.

सेन्सर गाडीला सांगत होते की सगळं छान आहे, आणि पाइपापुरतं ते खरंच होतं. चाकांचं काय चाललंय हे सांगणारं आता कुणी नव्हतं.

पाईप डिकीत खडखडायला लागला म्हणून त्याने सीटकव्हरवाल्याकडून त्याला रेक्झिनची खोळ शिवून घेतली. मापं घेताना सीटकव्हरवाल्याने सगळी हकीगत काढून घेतली. मग सुई बाजूला ठेवली.

"गिऱ्हाइकाच्या गाडीत केलं असतंस हे?"

"नाही."

"मग?"

"ती घाबरते रे," हवेशीर म्हणाला.

"ती घाबरते का तू?"

हवेशीराने पाइपाची लांबी पुन्हा सांगितली. खोळ मात्र सुरेख झाली, निळी, तोंडाला नाडी असलेली.

धाकटीचे दिवस बदलले. ती गुणगुणत निघायची, गुणगुणत यायची. शहराचं नाव कुणी काढेना. आणि हवेशीर मात्र पहाटे उठायला लागला. दिव्याला गप्प केलं, आता त्याची नोकरी आपल्याला करायला हवी, एवढं त्याला कळत होतं. सगळं घर झोपलेलं असताना तो हवा मोजायचं गेज आणि पायपंप घेऊन अंगणात यायचा. दवाने गाडी ओली असायची, डोंगर धुक्यात गेलेला असायचा, रस्त्यावर एक चिटपाखरू नसायचं. तो चारी चाकांपाशी एकेकदा ओणवायचा. गेज लावताना सुटणारी ती फुस्स एवढाच आवाज. खरं सांगायचं तर त्याला ती वेळ फार आवडायला लागली होती. अर्धवट झोपेत त्याला वाटायचं की गाडी म्हणजे एखादं शहाणं जनावर आहे, रोज डोंगर चढून जातं आणि आपल्या लेकीला परत आणून सोडतं. तो तिच्या ओल्या पाठीवर हात फिरवायचा.

पुढचं डावं चाक रोज थोडं कमी भरायचं. फार नाही, दोन पौंड. हेच ते रेघेचं चाक.

आता टायरवाल्याला दोन पौंड म्हणजे काय ते सांगायला नको. दुसऱ्या कुणाचं असतं तर त्याने झापलं असतं, की बाबा हे गळतंय, काढून ठेव, घाटात नेऊ नकोस. इथे तो मुकाट्याने दोन पौंड भरायचा. चाक काढायचं तर कारण सांगावं लागणार. कारण सांगितलं की चाकं गेली, चाकं गेली की दिवा आला, दिवा आला की शहर. मग तो भरायचा आणि उठताना स्वतःला म्हणायचा, मी आहे ना. रोज पाहतोय ना. धंद्यातला थोरलेपणा, पन्नाशी ओलांडलेलं वय, सगळं खुंटीला टांगून हा माणूस रोज पहाटे स्वतःला फसवत होता, आणि त्यात त्याला सुख वाटत होतं. राग येतो अशा माणसाचा. पण ते सुख किती खरं होतं हेही आठवतं, आणि मग राग टिकत नाही.

दवात ओणवून ओणवून त्याला ताप भरला. त्या पहाटे गजर झाला तो बायकोने बंद केला. "रोज उठून काय त्या गाडीला ओवाळतात कोण जाणे," असं म्हणत तिने त्याच्या अंगावर आणखी एक पांघरूण घातलं.

तापात त्याला स्वप्न पडलं. तो पाइपाच्या आत होता. गोल, पांढऱ्या भिंती, मंद उजेड, अंगाभोवती सारखी, गच्च, उबदार हवा. काही दुखत नव्हतं. शेजारी बायको बसली होती, धाकटी टायरात बसावी तशी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, आणि तिघेही म्हणत होते, ठीक आहे. बाहेर कुणीतरी पाइपावर बोटाचं पेर वाजवत होतं. त्याला वाटलं, उठून बघावं कोण आहे. पण आतून दार नव्हतं.

जागा झाला तेव्हा ऊन खिडकीत आलं होतं. तो धडपडत अंगणात आला. गाडी नव्हती. ओल्या मातीत तिच्या खुणा होत्या. फाटकाशी गाडी वळते तिथे चारी चाकांच्या खुणा सुट्या होतात. तीन रेखीव उमटल्या होत्या. पुढच्या डाव्या चाकाची पसरट होती. टायर बसल्याशिवाय खूण अशी पसरत नाही.

फोन लागला नाही. ती एव्हाना रेंजच्या पलीकडे गेली होती.

सीटकव्हरवाल्याने स्कूटर काढली, काही विचारलं नाही. हवेशीर मागे बसला, अंगात ताप, मांडीवर पायपंप. चढ सुरू झाला आणि धुकं आलं. पुढचं वळण दिसायच्या आत मागचं नाहीसं व्हायचं. प्रत्येक दगड त्याला आडवी पडलेली गाडी वाटायचा. प्रत्येक वळणावर तो कठड्याकडे पाहायचा, तुटलाय का, आणि न तुटलेला दिसला की पुढच्या वळणापर्यंतचा श्वास घ्यायचा. स्कूटर चालतेय की डोंगरच खाली सरकतोय हेही त्याला कळेनासं झालं. आयुष्यभर त्याने अशी तंद्री लावली होती, हौसेने लावली होती. त्या सकाळी पहिल्यांदा त्याला तिच्यातून बाहेर यायचं होतं आणि येता येत नव्हतं.

"बोलत राहा माझ्याशी," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"काहीही बोल."

"माझं मागचं टायर गुळगुळीत आहे," सीटकव्हरवाला म्हणाला. "तुला तीनदा सांगितलंय."

खिंडीच्या माथ्यावर झऱ्याचं पाणी साठवायला एक दगडी हौद आहे. त्याच्या शेजारी राखाडी गाडी उभी होती. तीन चाकं चांदीची, पुढचं डावं काळं, लोखंडी. जॅक अजून खालीच पडला होता. आणि धाकटी, हात काळेकुट्ट, काढलेल्या चांदीच्या चाकावर बसून थर्मासमधला चहा पीत होती. थर्मास निळ्या रेक्झिनच्या खोळीत होता.

हवेशीर स्कूटरवरून उतरला आणि तिथेच रस्त्यात खाली बसला. सीटकव्हरवाल्याने एकदा खोळीकडे, एकदा मित्राकडे पाहिलं आणि तो हौदापलीकडे धुक्यात पाणी प्यायला निघून गेला. त्याला इतका वेळ तहान लागलेली आयुष्यात कुणी पाहिली नव्हती.

"ताप आहे तुम्हाला?" धाकटी म्हणाली. तिने मनगटाने त्याचं कपाळ पाहिलं. नर्सचा हात. मग थर्मासचं झाकण भरून त्याच्या हातात दिलं.

"चाक..." तो म्हणाला.

"गळत होतं. इथे उतरून पाहिलं तर निम्मी हवा गेलेली. उताराला लागायच्या आत बदललं." तिने पिशवीतून एक गेज काढून दाखवलं. साधं, पेनासारखं, तिच्या लहानपणी दुकानातून हरवलेलं. "रोज इथे पाहते."

"कधीपासून?"

"तुमचा तो पाईप सापडल्यापासून. एका आजोबांसाठी कुबड्या नेत होते, डिकी रिकामी केली. खोळ उघडली, हलवून पाहिला, आत खुळखुळ. मी टायरवाल्याची मुलगी आहे बाबा. दोन मिनिटं लागली नाहीत कळायला." तिने हात फडक्याला पुसले. "वॉल्व्ह दाबून हवा सोडून दिली."

"म्हणजे दिवा..."

"लागलेलाच आहे. तेव्हापासून."

तो उठून गाडीपाशी गेला. दार उघडं होतं, त्याने किल्ली फिरवली. डॅशबोर्डवर ती पिवळी कमान आणि ते उद्गारचिन्ह शांतपणे जळत होतं. इतके दिवस तो पहाटे बंद गाडीच्या चाकांपाशी ओणवत होता आणि आत काय पेटतं हे त्याला माहीत नव्हतं.

"भीती नाही वाटली?"

"वाटली की. पहिल्या दिवशी इथे थांबून रडले. मग उतरले आणि हवा पाहिली. बरोबर होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरले." तिने चहाचा शेवटचा घोट घेतला. "दिवा लागलेला असला की मी उतरून बघते बाबा. विझला होता तेव्हा बघतच नव्हते."

"मला का नाही सांगितलंस?"

"खिडकीतून दिसायचात तुम्ही. पहाटे, दवात, गाडीच्या पाठीवर हात फिरवताना. कसं बोलणार?" ती म्हणाली. "आणि रोज त्या एकाच चाकापाशी जास्त वेळ असायचात. म्हणून मीही त्याच चाकाकडे जास्त लक्ष ठेवलं. आज उशीर झाला, खिडकीपाशी आलेच नाही; वाटलं, तुम्ही बघितलंच असणार, आणि तशीच निघाले."

तो त्या चांदीच्या चाकापाशी बसला, आतल्या अंगाला बोट फिरवलं. रेघ आता नखाला स्पष्ट लागत होती.

"ही मला दिसली होती," तो म्हणाला. "आधीच. मी मेण लावलं."

धुकं हौदावरून हळूहळू सरकत होतं.

"तू गेलीस तर मला करमणार नाही," हवेशीर म्हणाला. "संध्याकाळी फाटकाशी दिवे वळले नाहीत तर मी काय करू, तेच मला कळत नाही. हे मला म्हणायचं होतं. चाकं काय कामाची होती."

धाकटीने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती चिडली होती, दोन्ही एकदम.

"मग म्हणायचं ना. त्या दिवशी मी तुमच्याकडे पाहिलं, तुम्ही म्हणालात आमचं काय. मला वाटलं, खरंच काही नाही यांना. मी गेले काय, राहिले काय. डिकीतला पाईप नंतर आला बाबा. तुमचा चेहरा आधीपासूनच तसा होता."

हे त्याला जे लागलं ते तापाहून जास्त होतं. तो पुढे कधी कुणाला हे सांगायचा तेव्हा इथे येऊन थांबायचा.

सीटकव्हरवाला चाक घेऊन खाली गेला. हवेशीर धाकटीच्या शेजारी बसला आणि पिवळ्या दिव्याच्या उजेडात, तापाने कुडकुडत, पहिल्यांदा तिच्या वस्तीवर गेला. तिथल्या एका आजीबाईंनी त्याला नवीन पेशंट समजून आपली रजई दिली.

त्या आठवड्यात त्याने जुनी काळी चाकं पुन्हा चढवली, सेन्सर जागच्या जागी बसवले. थोडं अंतर चालवल्यावर दिवा आपोआप विझला. तरी धाकटी हौदापाशी उतरायची, सवयीने. चांदीची चाकं त्याने पुन्हा कुणाला दिली नाहीत. रेघेचं चाक दुकानात समोरच टांगलं आहे. कुणी नवी चाकं बसवून येतं आणि म्हणतं, तेवढा दिवा काहीतरी करून बंद कर, तेव्हा हवेशीर त्याला त्या चाकाखालच्या स्टुलावर बसवतो आणि म्हणतो, "लागू दे. बोटीने सेन्सर येतील. तोवर रोज उतरून बघ." गिऱ्हाईक कधी ऐकतं, कधी कुरकुरत दुसऱ्या दुकानात जातं.

धाकटी आणखी वर्षभर खिंड ओलांडत राहिली. मग गेली, शहरातच गेली. भीतीने नाही, तिथे जखमांचं शिक्षण घ्यायचं होतं म्हणून. निघताना तिने बापाकडे पाहिलं. या वेळी त्याने सरळ चेहरा केला नाही. तो लहान मुलासारखा रडला आणि रडत रडतच तिच्या चारी चाकांची हवा पाहिली. निळी खोळ तिच्याबरोबर गेली, थर्माससकट.

ती सुट्टीच्या दिवशी दुपारी फोन करते. तो तेव्हा टायरांच्या चळतीत बसलेला असतो, कॉम्प्रेसर नुकताच गप्प झालेला असतो.

"कसे आहात बाबा?"

इतकी वर्षं या प्रश्नाला त्याचं एकच उत्तर होतं, मजेत. बायको अजूनही त्याला तसंच सांगायला बजावते. पोरीच्या जिवाला घोर नको. तो जरा वेळ विचार करतो, खरंच आत किती आहे ते पाहिल्यासारखा.

"आज दोन पौंड कमी आहे गं," तो म्हणतो.

पलीकडे ती हसते. मग हसणं थांबतं.

"येते," ती म्हणते. "रविवारी येते."